दाबके नानांची रंगीत तालीम

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पुणे शहरातल्या काळाचा कारभार कित्येक वर्षं शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून चालत असे. सूर्य, चंद्र आणि झाडून सगळे पंचांगकर्ते हे दाबके नानांच्या हाताखालचे लोक. ते आपापलं काम चोख करतात की नाही, हे बघायला नाना रोज पहाटे बाल्कनीत येऊन उभे राहायचे. सूर्य उगवला की मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाकडे बघायचे, मान हलवायचे आणि आत जायचे. सूर्याला त्यांनी कधी समज दिल्याचं ऐकिवात नाही. पण आम्ही बाकीचे काही सूर्य नव्हतो.

नाना आज नाहीत. हे एवढ्यासाठीच सांगते की, ते असते तर हा मजकूर त्यांनी आधी वाचायला मागितला असता, आणि समासात 'तारखा तपासून घेणे' असा शेरा मारून जिन्यातूनच परत पाठवला असता.

दिसायला काडी. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. ही कानटोपीसुद्धा थंडी वाजली म्हणून चढत नसे, ठरलेल्या तारखेला चढत असे. एका वर्षी त्या तारखेला इतकं उकडत होतं की नानांच्या कानशिलांवरून घामाचे ओघळ चाललेले. मी जिन्यात विचारलं, "नाना, उकडत नाही का?"

"उकडतंय ना," नाना म्हणाले. "पण थंडी सुरू झालीय."

खडकीच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. भोंगा झाला की फाटक बंद, आणि त्यानंतर जो येईल त्याच्या कार्डावर लाल शेरा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. शनिवार पेठेतून खडकीपर्यंत सायकल हाणत जायचे आणि भोंग्याच्या आधी जागेवर बसलेले असायचे. एकदा वाटेत चाक पंक्चर झालं आणि स्वतः नानाच उशिरा पोचले. तेव्हा त्यांनी स्वतःच्या कार्डावर लाल शेरा मारला आणि स्वतःला समज दिली.

"समज दिली म्हणजे नक्की काय केलंत?" मी विचारलं होतं.

"आरशात बघून बोललो," नाना म्हणाले. "तो काही उलट बोलला नाही. चूक त्याची होती."

मालतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गोऱ्या, गुबगुबीत, सदा हसऱ्या. अशा माणसाबरोबर संसार करायला लागतो तो सगळा आळस काकूंनी जन्मतःच आणला होता. त्या सांगायच्या, "आमच्या लग्नात गुरुजींनी मंगलाष्टकांना अशी काही तान लावली, की संपेनाच. मी खाली मान घालून उभी. तर अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, 'गुरुजी, आटपा, मुहूर्त टळतोय.' मला काय लाज वाटली म्हणून सांगू! वाटलं, केवढी ही घाई माणसाला! नंतर चार दिवसांत कळलं, घाई माझ्यासाठी नव्हतीच."

नानांचं एकच तत्त्व होतं. सण जेव्हा असतो तेव्हाच असतो. तो आपल्या सोयीने सरकत नाही. आणि आमच्या इमारतीत तर सगळे नोकरदार. त्यामुळे आमचा प्रत्येक सण सरकत सरकत शनिवार-रविवारी येऊन टेकायचा. एका वर्षी सेक्रेटरी पाटणकरांनी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "सर्वांच्या सोयीसाठी कोजागरी शनिवारी साजरी करण्यात येईल." तेवढ्यात खाली नानांचं उत्तर, "चंद्राला कळवलं आहे का?"

पाटणकर तिसऱ्या मजल्यावरचे. गृहस्थ उत्साही, पोट पुढे, आवाज मोठा, आणि इमारतीतल्या प्रत्येक समारंभात माइक त्यांच्याच हातात. त्यांनी उत्तरादाखल हसणारे चेहरे पाठवले. नानांनी त्यांची दखल घेतली नाही. शनिवारी मात्र ते गच्चीवर आले, सतरंजीच्या कडेला बसले. पाटणकरांनी स्वतः दुधाचा पेला पुढे केला. नाना म्हणाले, "दूध म्हणून देत असाल तर घेतो. कोजागरीचं म्हणून देत असाल, तर ती परवा होऊन गेली."

"दूध म्हणून घ्या हो नाना," पाटणकर म्हणाले.

"मग केशर कशाला घातलंत?" असं म्हणून नानांनी पेला घेतला आणि मिटक्या मारत संपवला. वर आणखी अर्धा मागितला.

आता असा माणूस इमारतीतल्या पोरांना नकोसा वाटायला हवा की नाही? तर तसं अजिबात नव्हतं. पोरं नानांवर जीव टाकायची, आणि त्याचं कारण नाताळची सुट्टी.

घरात लहान मूल नसलेल्यांना नाताळची सुट्टी म्हणजे काय ते कळायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीला किल्ला असतो, फराळ असतो. मे महिन्याला आंबे असतात, आजोळ असतं. नाताळच्या सुट्टीला काहीच नसतं. मुलांना सुट्टी, आई-बापांची ऑफिसं चालू. माझी सई तेव्हा पाच वर्षांची होती आणि चिनू साडेतीनचा. मी घरून काम करत होते, म्हणजे दार लावून घेऊन लॅपटॉपसमोर बसत होते आणि दाराखालून दोघं मला चित्रं सरकवत होती. एका मीटिंगमध्ये चिनू कुठून तरी आत शिरला आणि बंगळुरूच्या माझ्या साहेबांना त्याने आपली नवी चड्डी दाखवली. साहेबांनी ती छान आहे असं सांगितलं. त्याच दिवशी मी दोघांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन सोडलं.

कारण नाताळच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर नानांचा कारखाना चालू व्हायचा. काटेरी हलव्याचा. संक्रांतीला लहान मुलांच्या अंगावर घालतात ना, ते हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने नाना स्वतः घरी करायचे, आणि इमारतीतल्या प्रत्येक बाळाच्या बोरनहाणाला ते नानांकडूनच जायचे. बोरनहाण म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, हल्ली चॉकलेटंसुद्धा, मापाने ओतायची. बाकीच्या पोरांनी ती झडप घालून लुटायची. मोठ्या माणसांना याच्याइतका पवित्र दंगा दुसरा मिळत नाही.

तर, कारखाना. सकाळी काकूंच्या कुकरची शिट्टी हा भोंगा. शिट्टीच्या आत आलेल्या मुलाला जुन्या लग्नपत्रिकांमधून कापलेलं कार्ड मिळायचं, त्यावर नाना पेनाने टिंब करायचे. शिट्टीनंतर दार बंद. मग बाहेर जिन्यात ते मूल आणि त्याचे पालक हात जोडून उभे. पालक जास्त काकुळतीला आलेले असायचे. माझा चिनू, ज्याने उभ्या आयुष्यात एक दूध वेळेवर प्यायलं नाही, तो सकाळी दात घासून, बूट उलटे घालून, दारात ओरडायचा, "आई, चल! माझं कार्ड लाल होईल!"

आत नाना मोठी परात मंद शेगडीवर ठेवून बसलेले. परातीत खसखस, साबुदाणा, कलिंगडाच्या बियांचा मगज. वरून चमचाभर साखरेचा पाक, आणि मग बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पुन्हा चमचाभर पाक, पुन्हा हलवायचं. असं बरेच दिवस चालतं, तेव्हा दाण्याला काटे फुटतात. हवेत गारवा नसेल तर फुटतच नाहीत. पोरांचं काम म्हणजे तयार दाणे निवडायचे, लहान एकीकडे, मोठे दुसरीकडे, आणि नाना पुठ्ठ्यावर जरीच्या दोऱ्याने दागिना बांधायला लागले की एकेक दाणा हातात द्यायचा. पगार हलव्यातच मिळायचा. पळवापळवी करणाऱ्याचा पगार कापला जायचा, तोही हलव्यातच.

"नाना, लवकर लवकर हलवा ना," सई एकदा म्हणाली.

"घाई केली की काटा मोडतो," नाना म्हणाले.

"मग काय होतं?"

"मग नुसती साखर उरते. ती तुझ्या घरी आहे."

चिनूच्या बोरनहाणाच्या वेळी या माणसाचा खरा इंगा मला कळला. माझे आई-बाबा नाशिकहून आले होते आणि त्यांना संक्रांतीच्या आदल्या रविवारी परत जायचं होतं. मी म्हटलं, तेवढ्यात उरकून घेऊ. नानांकडे दागिने मागायला गेले. ते समोर दिवाणावर मांडूनच ठेवले होते. मुकुट, हार, बाजूबंद, एवढीशी बासरी. काय सुंदर दिसत होते! मी हात पुढे केला. नानांनी दागिन्यांवर पंचा टाकला.

"नाना, तयार आहेत की."

"दागिने तयार आहेत. संक्रांत तयार नाही."

"अहो, आई-बाबा परवा जाणार. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"त्यांना चार दिवस राहू दे. मी जेवायला घालतो."

आई-बाबा गेले. बोरनहाण संक्रांतीनंतर झालं. आईने ते फोनवर बघितलं, आणि आम्ही फोन उलटा धरल्यामुळे तिला सगळा वेळ पाटणकरांचे पाय दिसले.

पण सर्वांवर कडी केली ती सांताक्लॉजने. पाटणकरांना त्या वर्षी हौस आली. लाल झगा आणला, कापसाची दाढी आणली, पोतंभर खाऊ आणला आणि संध्याकाळी साडेपाचला घंटा वाजवत जिना चढायला लागले. सगळी पोरं वरती गच्चीवर वाट बघत. दुसऱ्या मजल्यावर नाना दारात उभे होते.

"काय हो पाटणकर?"

"मी सांता आहे," पाटणकर दाढीतून म्हणाले.

"असाल. आज चोवीस तारीख आहे."

"हो, मग?"

"नाताळ पंचवीसला असतो. उद्या या."

"अहो नाना, तो चोवीसलाच येतो! सगळ्या जगात चोवीसला येतो!"

"रात्री येतो. सगळे झोपल्यावर. आत्ता खाली भाजीवाला ओरडतोय."

"उद्या मला ऑफिस आहे हो!"

"मग सांताक्लॉजनं रजा टाकावी," असं म्हणून नाना जिन्याच्या मधोमध असे उभे राहिले, की पाटणकरांना पोतं घेऊन परत फिरावं लागलं. वळताना त्यांची दाढी कठड्याच्या खिळ्यात अडकली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच अर्धी रजा टाकली आणि बिनदाढीचे सांता म्हणून आले. चिनू अजून म्हणतो की सांता सेक्रेटरीकाकांसारखा दिसतो.

आता तुम्हाला अंदाज आला असेल, की पुढच्याच वर्षी दुसऱ्या मजल्यावर जे घडलं, ते आमच्या इमारतीने किती डोळ्यांत प्राण आणून पाहिलं.

नानांची एकुलती मुलगी अनघा टोरांटोला असते. तिची मुलगी इरा. इरा जन्मल्यापासून नाना दर हिवाळ्यात तिच्यासाठी दागिने करायचे आणि दर हिवाळ्यात काही ना काही आडवं यायचं. कधी जावयाची नोकरी बदलली, कधी तिकिटं मिळाली नाहीत. एकदा नानांनी दागिने कुरियरने पाठवले. ते पोचले, पण साखर वेगळी आणि दोरा वेगळा. अनघाने फोटो पाठवला. नानांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दोरा चांगला होता."

त्या वर्षी मात्र अनघाचा फोन आला, नाताळच्या सुट्टीत येतोय, नक्की. काकू आनंदाने रडल्या. नानांनी विचारलं, "परत कधी?"

"तीन जानेवारी. इराची शाळा उघडते ना."

फोन स्पीकरवर होता आणि मी काकूंना विरजण मागायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"शाळेला कळव, की संक्रांत आहे."

"नाना, इथे संक्रांत नसते."

"नसते म्हणजे? सूर्य मकरेत जातो, तो काय फक्त भारतातला जातो?"

"नाना, प्लीज."

इरा येत्या मार्चमध्ये पाच पूर्ण करणार होती. म्हणजे त्यापुढच्या संक्रांतीला ती बोरनहाणाच्या वयातून गेलेली. एवढ्या वर्षांत अख्ख्या इमारतीच्या पोरांना सजवलं, आणि स्वतःच्या नातीच्या अंगावर एक दाणा चढायचा नाही. फोन ठेवल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "अहो, ती आहे तोवर करून टाकू या ना. देव काही रागवायचा नाही."

"देवाचा प्रश्न नाही," नाना म्हणाले. "चौदा तारखेचा आहे."

मग कारखाना सुरू झाला, पण मालकाचं लक्ष नव्हतं. पोरं उशिरा आली तरी आत घेतली जाऊ लागली. सई घरी येऊन सांगायची, "आई, आज नानांनी माझ्या डोक्याचं माप घेतलं. मुकुटासाठी. मी म्हटलं, माझा आहे का, तर म्हणाले, नाही, ऑर्डर आहे. मी म्हटलं, कोणाची, तर म्हणाले, बाहेरगावची." दुसऱ्या दिवशी बांगड्यांसाठी मनगटाचं माप. तिसऱ्या दिवशी कंबरपट्ट्यासाठी कंबरेचं. सईला एवढं समजत होतं की इरा साधारण तिच्याच मापाची आहे. इमारतीतल्या मोठ्यांनाही समजत होतं. नाना पहाटे बाल्कनीत यायचे, सूर्य उगवायचा, आणि ते घड्याळाकडे न बघता आत जायचे. काकूंनी मला सांगितलं, "दोन दिवस झाले, घड्याळाला किल्ली द्यायला विसरलेत." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की मी घाबरून विचारलं, "डॉक्टरांना बोलवू का?"

अनघा आणि इरा आल्या. इरा गोड, चौकस, मराठी बोलणारी, फक्त शब्द सगळे स्वच्छ धुऊन ठेवल्यासारखे सुटे. नानांच्या मागे मागे घरभर फिरायची. "आजोबा, हे काय आहे?" "आजोबा, याला स्पाइक्स का आहेत?" नाना तिला परातीसमोर बसवून तिच्या बोटांनी दाणे हलवायचे. कार्ड नाही, शिट्टी नाही, काही नाही. माझ्या चिनूने हा अन्याय पाहिला आणि घरी येऊन निषेध म्हणून दूध प्यायलं नाही.

आणि मग एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नानांची सूचना आली. जशीच्या तशी आठवते.

"रविवारी सायंकाळी पाच वाजता गच्चीवर बोरनहाणाची रंगीत तालीम आहे. मुलांना वेळेवर पाठवावे. ही फक्त तालीम आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

सगळी इमारत हातातली कामं टाकून फोनवर वाकली. मला तर चहाचा ठसकाच लागला. पाटणकर तर इतके खूश झाले, की ते फोनवर थांबलेच नाहीत, सरळ खाली उतरून नानांच्या दारात. मी आपली सहज जिन्यात उभी होते.

"नाना, एक विचारू? तालमीला चुरमुरे खरे आणायचे, की तालमीचे?"

"खरे."

"आणि बोरं?"

"खरी. मंडईतली."

"दागिने?"

"खरे."

"ओवाळणार कोण?"

"सगळ्या बायका."

"मग यात तालीम काय आहे, नाना?"

"तारीख," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

माझ्या घरी त्या रात्री गुप्त बैठक भरली. प्रत्येकाचं नानांकडे काही ना काही येणं होतं. कोणाची कोजागरी, कोणाची होळी, माझं नाशिक. पाटणकर म्हणाले, "मी झगा काढतो. गच्चीच्या दारात उभा राहतो. बघाच!" आम्ही हसून हसून पोटं धरली. नवरा म्हणाला, "जाऊ द्या ना, म्हातारा माणूस आहे." आम्ही त्याला चहा करायला पाठवलं.

रविवार. पाच वाजायच्या आधीच गच्ची भरली. सतरंजी, पाट, रांगोळी. बोरं अजून तुरट होती, पण होती. पोरांचे हात नुसते शिवशिवत होते. आणि गच्चीच्या दारात लाल झगा घालून, नवी दाढी लावून, मनगटावर घड्याळ बांधून पाटणकर उभे.

जिन्यातून नाना वर आले. हातात दागिन्यांचं ताट, वर पंचा. डोक्यावर कानटोपी. त्यांचं बोट धरून इरा, काळा फ्रॉक घातलेली. मागे अनघा आणि काकू.

पाटणकरांनी हात आडवा केला. घड्याळाकडे बघितलं. अख्खी गच्ची श्वास रोखून उभी.

"आज अठ्ठावीस डिसेंबर," पाटणकर मोठ्या आवाजात म्हणाले. "संक्रांत चौदा जानेवारीला असते. तेव्हा या."

आम्ही हसायला तोंडं उघडली होती. नानांनी ताट सावरलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बस्स. एवढंच. वर काही नाही. नानांच्या तोंडून 'बरोबर आहे तुमचं' हे शब्द आमच्यापैकी कोणी कधी ऐकले नव्हते. पाटणकरांनी तर नाहीच. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. नाना खरंच वळायला लागले. इराने मात्र पाटणकरांकडे वर बघितलं आणि विचारलं, "सांता, तुला पण दागिने पाहिजेत का?"

"नको गं बाई," पाटणकर म्हणाले आणि दारातून इतक्या घाईने बाजूला झाले, की झग्यात पाय अडकून उसाच्या टोपलीत बसले. "या हो नाना, या! तालीम आहे, तालमीला कसली आलीय तारीख! बसा!"

मग जे सुरू झालं ते काय सांगू. ताटावरचा पंचा निघाला आणि बायकांच्या तोंडून एकदम 'अगं बाई' निघालं. मुकुट, कानातले, हार, बांगड्या, कंबरपट्टा, पायातले तोडे. असा काटा मी तोवर बघितला नव्हता. संध्याकाळच्या उन्हात एकेक दाणा उभा राहिल्यासारखा. नाना स्वतः गुडघे टेकून इराच्या अंगावर एकेक दागिना बांधत होते, आणि दर गाठीला 'थांब हां, थांब' असं दोऱ्यालाच सांगत होते. आम्ही ओवाळलं. माप काकूंच्या हातात होतं. पहिलं माप ओतलं आणि पोरांनी झडप घातली. चिनू आडवा होऊन पोटाखाली चॉकलेटं गोळा करत होता. सई इराला बोरं वेचून देत होती आणि इरा ती नानांच्या कानटोपीत भरत होती. नाना पोरांच्या मध्ये बसलेले. स्वेटरवर चुरमुरे, मिशीत तीळ, घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेला हरभऱ्याचा घाटा. पाटणकरांच्या दाढीतही दोन बोरं होती, ती कोणाच्या नजरेस आली नाहीत असं समजून ते खात होते.

दंगा शांत झाला. पोरं लूट मोजायला बसली. आणि त्या शांततेत इरा पाटावरून उठली, आजोबांसमोर उभी राहिली आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "आजोबा, रिहर्सल खूप छान झाली."

"हो का?" नाना म्हणाले.

"हो. आमच्या शाळेत पण रिहर्सल होते. मग नंतर रियल होतं." तिने मुकुट नीट केला. "मग आपलं खरं कधी आहे?"

हातातली बोरं हातातच राहिली. अनघाने "इरा, अगं..." एवढंच म्हटलं. खरं चौदा तारखेला होतं आणि तोवर इरा टोरांटोला शाळेत बसलेली असणार, हे गच्चीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. पाटणकर आकाशात काहीतरी शोधायला लागले. मी उगीच रांगोळी सारखी करायला खाली वाकले, त्यामुळे मला नानांचा चेहरा अगदी जवळून दिसला. त्यांनी सवयीने मनगट वर घेतलं, घड्याळाकडे बघितलं, इराकडे बघितलं. मग घड्याळाचा हात स्वेटरच्या आत खुपसून टाकला, उभे राहिले, आणि खडकीच्या फाटकावरून हजारो माणसांनी ऐकला असेल अशा आवाजात सगळ्या गच्चीवर ओरडले,

"आज! आजच संक्रांत आहे! ज्याला पटत नसेल त्यानं बोरं इथेच ठेवून खाली जावं!"